मोठा ओंडका जागेवरच चिरायचा असेल तर

वळवाचा पाऊस यायच्या आधी वारा येतो, आणि दर वर्षी कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, भुदरगडच्या बांधांवरची दोन-चार जुनी झाडं त्यात आडवी होतात. जांभूळ, बाभूळ, फणस, शिरीष. बुंधा दोन-अडीच फुटांचा, पण चारी बाजूंनी ऊस उभा, जेसीबी आत जायला वाट नाही. मग जळणवाला येतो, तुकडे करतो, टनावर भाव लागतो आणि माल वीटभट्टीला जातो. त्याच घरात पुढच्या वर्षी दाराच्या चौकटीसाठी टिंबर मार्केटमधून मलेशियन साल येतं.

अशा ओंडक्यांसाठी चेन सॉ मिलिंग आहे. मोठ्या चेन सॉच्या बारला (चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीला) एक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट बसवायची आणि ओंडका आडवा ठेवून त्याच्या लांबीने, ठरलेल्या जाडीच्या फळ्या काढायच्या. परदेशात या चौकटीला अलास्कन मिल म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या ग्रॅनबर्ग कंपनीने ती प्रसिद्ध केली. पूर्वी हेच काम दोन माणसं मोठी करवत घेऊन करायची, एक ओंडक्यावर उभा, एक खाली.

आधी हिशोब, मग मशीन

ओंडका ट्रॉलीत चढत असेल आणि लाकडाच्या गिरणीच्या (सॉ मिलच्या) आऱ्यावर मावत असेल, तर तो गिरणीत न्या. हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

कारण सरळ आहे. चेन सॉ प्रत्येक कापाला साधारण ३ सूत लाकूड खाते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), गिरणीतली बँड सॉ, म्हणजे पट्टीची करवत, १ सुताच्या आसपास. दोन फूट व्यासाच्या ओंडक्यातून इंची फळ्या काढायच्या म्हटल्या तर चेन सॉचे १७ काप पडतात, म्हणजे ५१ सूत, सहा इंचांपेक्षा जास्त लाकूड भुशात. बँड सॉवर २१ काप घेऊनही पावणेतीन इंचांच्या वर जात नाही. शिवाय पेट्रोल, चेन, कानस आणि तुमची कंबर, हे सगळं वेगळं.

पण त्याच ओंडक्यातून अडीच इंच जाडीच्या पाट्या काढल्या तर आठच काप लागतात आणि तीन इंचांचं नुकसान होतं. जेवणाचं टेबल, ओट्याची फळी, जाड बाक, देवळाच्या दाराची चौकट असं काही करायचं असेल तर हे परवडतं. म्हणून माझा नियम असा की दोन इंचांपेक्षा पातळ काहीही चेन सॉने काढायचं नाही. पातळ फळ्याच हव्या असतील तर चेन सॉने ओंडक्याचे दोन किंवा चार उभे तुकडे करा, तेवढे ट्रॉलीत चढतात, आणि पुढचं काम गिरणीवर सोपवा. नवख्यांनी सुरुवात खरं तर याच कामापासून करावी.

कागद

कंटाळवाणं आहे, पण मशीन सुरू करायच्या आधी उरकायचं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ अशी आपल्याकडची बरीच झाडं आहेत. ती स्वतःच्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते. कोल्हापूर शहराच्या हद्दीत १९७५ चा शहरी झाडांचा कायदा लागतो, तिथे महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जायचं. राधानगरी अभयारण्याला लागून असलेल्या गावांत सगळंच आणखी काटेकोर.

झाड वाऱ्याने पडलेलं असलं तरी फोटो काढून ठेवा, सातबारा घ्या, तलाठी आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी कळवा. लाकूड रस्त्यावरून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं त्याच फेरीत विचारा. दुसऱ्याचं लाकूड पैसे घेऊन चिरून देणं हा आणखी वेगळा विषय, त्यात सॉ मिलच्या परवान्याचा प्रश्न येतो. वन विभागाचं उत्तर कागदावर घेतल्याशिवाय त्यात पडू नका. चंदनाला हातच लावू नका.

मशीन किती मोठं हवं

बाजारात ५२, ५८, ६२ सीसीची स्वस्त मशीन खंडीभर मिळतात. फांद्या छाटायला, जळण करायला ती ठीक. मिलिंगला नाही. आडवं कापताना, म्हणजे ओंडक्याचे तुकडे पाडताना, मशीन अर्ध्या मिनिटात मोकळं होतं. मिलिंगमध्ये ते दहा-पंधरा मिनिटं सलग, पूर्ण रेसवर, पूर्ण भाराखाली चालतं. छोटं इंजिन त्या उष्णतेत पिस्टन धरतं.

कापाची रुंदी दीड फुटाच्या आत असेल तर ७० सीसी चालवून घेता येतं. दोन-अडीच फुटांसाठी ९० सीसी धरा, स्टील (Stihl) कंपनीची एमएस ६६१ (९१.१ सीसी) किंवा हुस्कवर्ना ३९५ एक्सपी (९३.६ सीसी) या वर्गातली. त्याच्याही वर, वडासारखा तीन-साडेतीन फुटी बुंधा असेल तर १२० सीसीच्या घरातलं मशीन लागतं, स्टील एमएस ८८१ किंवा हुस्कवर्ना ३१२० एक्सपी. एवढी मशीन एका कामासाठी विकत घेऊ नका. झाडं उतरवणाऱ्या मोठ्या ठेकेदारांकडे असतात. मशीन आणि माणूस दोन्ही भाड्याने ठरवा आणि चौकट आपली न्या.

बारच्या लांबीत नवखे हमखास फसतात. ३६ इंची बार म्हणजे ३६ इंची काप नव्हे. चौकटीच्या दोन पकडी आणि मशीनच्या अंगावरचे (चेनचे नव्हे) दात मिळून चार-सहा इंच जातात, हातात उरतात ३० ते ३२. ओंडक्याची सर्वांत रुंद जागा मोजा, बुंध्याकडचा फुगवटा धरून, आणि त्यात सहा इंच मिळवून बार ठरवा. तेवढा बार त्या इंजिनला झेपतो का हे पुस्तिकेत पाहा.

तेलाचं प्रमाण पुस्तिकेतलंच, बहुतेक मशीनला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. कार्ब्युरेटरला एच स्क्रू (पूर्ण रेसवरचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) असेल तर मिलिंगसाठी तो किंचित श्रीमंत ठेवतात, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. भार नसताना पूर्ण रेस दिली की आवाज किंचित भरडा, फुटका यायला हवा. टोकदार किंचाळला तर मिश्रण कोरडं आहे, इंजिन तापणार. हे जमत नसेल तर मेकॅनिककडून ‘मिलिंगसाठी चालवणार आहे’ असं सांगून बसवून घ्या. आता पंपावरचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं (आपल्याच उसाचं, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार), आणि इथेनॉल पाणी ओढतं. काम संपलं की टाकी रिकामी करा, मशीन बंद पडेपर्यंत चालवा. मिसळलेलं पेट्रोल पुढच्या महिन्यासाठी कॅनमध्ये ठेवायचं नाही.

चेन ऑइलच्या जागी गॅरेजचं काळं ऑइल ओतायची आपल्याकडे फार सवय आहे. त्यात लोखंडाची बारीक कीस असते, ती ऑइल पंप खाते, आणि फळीवर काळे ओघळ उमटतात ते रंध्यानेही निघत नाहीत. तीस इंचांच्या वर बार असेल तर टोकाला वेगळी तेलाची बाटली लावायची सोय करा. मशीनचा पंप तिथवर पुरेसं तेल पोचवत नाही आणि बारचं नाक निळं पडतं.

चेन

अर्धं मिलिंग चेनमध्ये आहे. ताकदीचं मशीन आणि बोथट चेन यापेक्षा मध्यम मशीन आणि धारदार चेन कधीही पुढे जाते.

दुकानातली नेहमीची चेन आडवं कापायला केलेली असते. तिच्या दाताचा वरचा कोन २५ ते ३५ अंशांचा. मिलिंगला रिपिंग चेन हवी, १० अंशांच्या आसपास. एवढा कमी कोन असला की दात बाजूला ओढला जात नाही, सरळ समोरचं खरवडतो, म्हणून फळीवर लाटा कमी उमटतात. रिपिंग चेन तयार मिळते. नाही मिळाली तर साधी चेन प्रत्येक धारेला थोडा थोडा कोन उतरवत १० वर आणता येते. एकदम आणू नका, दात निम्मा संपेल.

धार लावायची ती गोल कानशीने. चेनच्या पाकिटावर कानशीचं माप लिहिलेलं असतं, ३/८ इंच पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) ५.२ किंवा ५.५ मिमी. बार हलता कामा नये. रानात व्हाइस कुठून आणणार? बाजूच्या तोडलेल्या बुंध्यावर चेन सॉनेच दोन इंच खोल खाच पाडा आणि इंजिन बंद करून बार त्यात उभा रोवा, पाचर मारा. एवढी घट्ट पकड मिळते की दोन्ही हात मोकळे राहतात.

मग एका बाजूचे सगळे दात, आतून बाहेर, कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात. सर्वांत लहान झालेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. डावे-उजवे दात कमी-जास्त राहिले तर आडवं कापताना मशीन थोडं तिरकं जातं, इतकंच. मिलिंगमध्ये मात्र बार मधोमध वर चढतो किंवा खाली बुडतो आणि फळी पन्हळीसारखी निघते. अशी फळी सपाट करायला अर्धा इंच जातो. दाताच्या पुढची बुटकी गाठ, म्हणजे डेप्थ गेज, दर तीन-चार धारांनी पट्टी लावून तपासा. ३/८ चेनला साधारण ०.६५ मिमी खाली हवी. ती उंच राहिली की दात लाकडाला टेकतच नाही आणि माणूस चेन बोथट समजून नुसता ढकलत राहतो.

धार गेली हे भुशावरून कळतं. धारदार चेन जाडा रवा टाकते, बोथट चेन पीठ. पीठ दिसलं, धूर आला किंवा मशीन ढकलावं लागलं की थांबा. ‘हा एवढा काप होऊ दे, मग लावतो’ या वाक्याने जेवढे बार जळाले तेवढे आगीने जळाले नसतील. टाकी भरली की धारेचे दोन हात मारायचेच, असं ठरवून टाका. सागात वाळूचा अंश असतो, तो धार लवकर खातो. बाभूळ आणि ऐन ओले असताना चिरा. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी लागते.

चौकट

आयात केलेली अलास्कन मिल ऑनलाइन मिळते, अर्ध्या इंचापासून सुमारे १३ इंचांपर्यंत जाडी बसवता येते. पण कोल्हापुरात राहून ती मागवायची म्हणजे जरा लाजच. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनापासून कास्टिंगपर्यंत सगळं करणारी माणसं बसली आहेत. चांगला फोटो आणि खालच्या तीन अटी घेऊन गेलात तर फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देईल.

पहिली अट, बार धरणाऱ्या दोन पकडी चेनला कुठेही शिवता कामा नयेत, आणि पुढची पकड बारच्या नाकातल्या फिरत्या चाकाच्या मागेच असावी. नाकावर आवळली तर चाक जाम होतं. दुसरी, वरच्या दोन समांतर पट्ट्या, ज्यांच्यावर चौकट सरकते, त्या बारशी तंतोतंत समांतर हव्यात. दोन्ही टोकांना जाडीचं माप घेऊन अर्ध्या सुताचाही फरक खपवून घेऊ नका. तिसरी, सगळे बोल्ट नायलॉक नटचे (आत नायलॉनचं कडं असलेले). पूर्ण रेसवरची थरथर साधा नट दहा मिनिटांत सोडवते. वजनासाठी चौकोनी ॲल्युमिनियम पाइप वापरला तर बरं, पण लोखंडी झाली तरी काम थांबत नाही, नुसते हात भरून येतात.

ओंडका

पडलेलं झाड मुळापासून तोडणं नवख्याचं काम नाही. मुळांचा गड्डा मातीत अडकलेला असतो. खोड सुटलं की तो झपकन उभा राहतो, आणि खोडात ताण असेल तर काप अर्धवट असतानाच फाटतं. ते अनुभवी माणसाकडून करून घ्या. तुम्ही ओंडक्यापासून सुरुवात करा.

वजनाचा अंदाज घ्या. दोन फूट व्यास, आठ फूट लांबी म्हणजे खरं आकारमान २५ घनफूट. वखारीत घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी करतात, त्या मापाने हेच सुमारे २० भरेल, त्यामुळे घोळ करू नका. ओलं बाभळीचं किंवा जांभळाचं असेल तर ७००-८०० किलो सहज. ते हाताने उचलायचं नाही. पहारी, पाचरा आणि चेनपुल्ली. ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, अगदी ‘जरा धर रे’ म्हणूनसुद्धा.

मग लोखंड शोधा. बांधावरच्या झाडात तारेचं कुंपण गिळलेलं असतं, रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे, घराजवळच्या झाडात कपडे वाळत घालायचा हूक. हातात धरायचा साधा मेटल डिटेक्टर यासाठी घेऊन ठेवावाच. डोळ्यांनीही कळतं: बाभूळ, जांभूळ, ऐन यांत टॅनिन असतं, ते लोखंडाला लागलं की लाकूड निळं-काळं पडतं. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर शाई सांडल्यासारखा डाग दिसला तर आत खिळा आहे असंच धरा, डाग पुढे पाच-सहा फूटही चालत गेलेला असतो. खणून काढा, नाहीतर तेवढा तुकडा सोडा.

साल काढा, निदान जिथून चेन आत शिरणार ती बाजू तरी. ओढून आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती आणि खडे रुतलेले असतात. आजरा-चंदगडकडे जांभ्याचे खडे तर फारच. तारेच्या ब्रशने घासा, पहारीने सोलून घ्या.

ओंडका दोन आडव्या ओंडक्यांवर ठेवायचा, बार तुमच्या कमरेच्या आसपास येईल इतका उंच, दोन्ही बाजूंनी पाचरा. पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडं खाली ठेवा. उताराकडे चिरत गेलं की चौकट स्वतःच्या वजनाने पुढे सरकते. दिवसभराच्या कामात ही एक गोष्ट कंबर वाचवते.

अंगावर काय, आजूबाजूला काय

कानाला मफ, डोळ्याला चष्मा, डोक्याला हेल्मेट, पायात जाड बूट, मांडीवर चेन सॉची चॅप्स. चॅप्सच्या आतले धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. साधी जीन्स थांबवत नाही. खांद्यावरचा टॉवेल आणि गळ्यातला गमछा काढून झाडाला अडकवा. कोल्हापुरी कितीही करकरत असली तरी ती बांधावर राहू दे. सागाचा आणि शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो, मास्क लावा.

उसाच्या फडात दोन धोके वेगळे असतात. चारी बाजूंनी ऊस असला की वारा नसतो आणि तुम्ही दहा मिनिटं सायलेन्सरच्या धुरात वाकून उभे असता. डोकं जड झालं, मळमळलं की मशीन बंद करून लांब जाऊन बसायचं. दुसरा धोका पाचटाचा. तापलेला सायलेन्सर, सांडलेलं पेट्रोल आणि वाळलेलं पाचट, यातून फड पेटायला काही लागत नाही. ओंडक्याभोवती पंधरा-वीस फूट पाचट ओढून काढा, पाण्याचं बॅरल भरून ठेवा, पेट्रोल भरायचं ते मशीन थंड झाल्यावर आणि दहा पावलं लांब. एकट्याने हे काम करायचं नाही. दुसरा माणूस पाचर मारायला लागतोच, आणि गाडीची किल्ली त्याच्याकडेही असू दे.

पहिला काप

पुढचे सगळे काप आधीच्या कापाच्या सपाट पृष्ठभागावर चौकट सरकवून होतात. त्यामुळे पहिला वाकडा तर शेवटचाही वाकडा. यावर एक अख्खी सकाळ गेली तरी हरकत नाही.

ओंडक्याची पाठ गोल, तिच्यावर चौकट सरकणार कशी? म्हणून वर एक सरळ रूळ बसवायचा. ॲल्युमिनियमची सरळ शिडी सर्वांत सोपी. नाहीतर दोन इंची चौकोनी पाइपचे दोन सरळ तुकडे, मध्ये आडव्या पट्ट्या. रूळ ओंडक्यापेक्षा दोन्हीकडे एकेक फूट लांब हवा, म्हणजे चौकट आत शिरताना आणि बाहेर पडताना झुकत नाही. हीच झुक टाळता न आल्याने नवख्यांच्या फळ्यांची टोकं जाड-पातळ निघतात.

दोन्ही टोकांवर गाभ्याचा मध्य शोधा, तिथे पेन्सिलीने फुली करा. ओंडका बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक असतो. रूळ सालीवर तसाच टेकवला तर लाकडाच्या रेघा तिरक्या कापल्या जातात. त्याऐवजी गाभ्याच्या फुलीपासून रुळाच्या तळापर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना सारखं करा, बारीक टोकाखाली लाकडी ठोकळे सारून. मग रुळाच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ काठी आडवी ठेवा आणि एका टोकाला डोळा लावून पाहा. दोन्ही काठ्या एका रेषेत दिसल्या तर रुळात पीळ नाही. लेव्हल बॉटल उताराच्या दिशेने ठेवू नका, उतार तुम्हीच दिलाय; आडवी ठेवा.

रूळ स्क्रूने बसवा. आता मोजा: रुळाची उंची अधिक वरून काढायच्या सालपटाची जाडी म्हणजे चौकटीचं माप. आणि स्क्रू ओंडक्यात किती आत गेले तेही मोजा. रूळ ३ इंच, सालपट ४ इंच, तर चौकट ७ वर. स्क्रू ओंडक्यात अडीच इंचांच्या पुढे गेलेला नको. चेन स्क्रूवर गेली की एका क्षणात सगळे दात संपतात.

मशीन जमिनीवर सुरू करा, चौकट रुळावर टेकवा, चेन लाकडाला न लागू देता पूर्ण रेस द्या आणि मग अलगद आत घ्या. दोन्ही टोकं एकदम पुढे ढकलायची नाहीत. आधी इंजिनची बाजू बोटभर, मग नाकाची बाजू बोटभर, असं किंचित डोलवत न्या. रेस अर्धी करायची नाही. चालवायचं ते पूर्ण, नाहीतर थांबवायचं. आवाज ऐकत राहा, दम लागल्यासारखा झाला की दाब कमी करा. चेन धारदार असली तर चौकट जवळजवळ स्वतःच चालते.

फूट-दीड फूट गेलं की दुसऱ्या माणसाने मागच्या फटीत लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर हलकेच बसवायची, पुढे दर दोन फुटांवर एक. लोखंडी पाचर नको, चेनला लागेल. पाचर फट उघडी ठेवण्यापुरती. घण घालून ठोकली तर फळी वर उचलली जाऊन शेवटी फाटते. शेवटचे सहा इंच सर्वांत सावकाश. बाहेर पडल्यावर मशीन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर मंद चालू द्या, इंजिन थंड होऊ दे. मग चेनचा ताण बघा. तापलेली चेन लोंबते. गरम असताना घट्ट आवळली तर थंड झाल्यावर ती बार चावते, म्हणून पुढच्या कामाआधी सैल करायला विसरू नका.

पुढचे काप

रूळ काढा, सालपट बाजूला, पृष्ठभाग झाडून घ्या. आता चौकटीचं माप फळीच्या जाडीवर आणा. टेबलाची दोन इंची फळी हवी तर अडीच इंच चिरा. सुकताना आटते, थोडा पीळ पडतो, सपाट करताना आणखी जातं. बाभूळ आणि आंबा सागापेक्षा जास्त आटतात आणि वाकतात.

गाभा कुठे येतोय त्यावर लक्ष ठेवा. भेगा तिथूनच सुरू होतात. गाभा बरोबर मध्ये असलेली फळी सुकताना उभी फाटते, हे गृहीत धरा; एक तर काप गाभ्यातूनच न्या, नाहीतर तेवढी एक फळी जाड काढून दाराच्या चौकटीच्या खांबांसाठी ठेवा. प्रत्येक फळी निघाली की दोन्ही काठांवर जाडी मोजा. फरक वाढत चालला तर चौकटीला दोष देण्याआधी दात मोजा.

थप्पी

फळ्या निघाल्या त्याच संध्याकाळी टोकांना मेण किंवा ऑइल पेंटचे दोन हात. पाणी टोकांतून सर्वांत जोरात उडतं आणि तिथेच भेगा पडतात. सकाळपर्यंत थांबलात तर रंग भेगांवर लावाल.

आंबा, फणसाचा वरचा पांढरा भाग, सिल्व्हर ओक यांना भुंगा लागतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्याचा हात ओलेपणीच मारा. आंब्याचा ओंडका तर पावसात पडून ठेवायचाच नाही, निळी बुरशी आतपर्यंत जाते. सागाला घाई नाही.

थप्पी जमिनीपासून दीड फूट वर, सिमेंटच्या ठोकळ्यांवर, वाळवीपासून लांब. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक, आणि खालून वरपर्यंत पट्ट्या एकाच ओळंब्यात. पट्टीवर पट्टी आली नाही की मधली फळी वाकते. सर्वांत वर पत्रा आणि त्यावर दगड. सावली हवी, वारा हवा, ऊन नको. चैत्र-वैशाखातल्या उन्हात ओली फळी उभी तडकते. म्हणूनच मी दिवाळीनंतर चिरायला घेतो, पावसाळा संपलेला असतो आणि कडक ऊन चार महिने लांब. वळवात पडलेलं जांभूळ किंवा बाभूळ तोवर टोकांना रंग लावून, जमिनीपासून उचलून सावलीत ठेवलं तर थांबतं. आंबा थांबत नाही.

गगनबावडा किंवा राधानगरीकडे चिरलेलं लाकूड तिथेच पावसाळाभर सुकेल अशी आशा करू नका. पूर्वेकडे, हातकणंगले-शिरोळला कुणाचं शेड असेल तर मे महिन्यातच तिकडे हलवा. तीस-चाळीस मैलांत पाऊस कितीतरी कमी होतो.

इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज वाईट नाही. अडीच इंची बाभळीला दोन उन्हाळे द्याच. घाई असेल तर मॉइश्चर मीटर घ्या; घरातल्या फर्निचरला १० ते १४ टक्के ओल चालते. मीटर नसेल तर एक छोटी फळी दर महिन्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की झालं.

मग मेस्त्रीकडे. फळी रंधा मशीनवर चढवण्याआधी मेटल डिटेक्टर पुन्हा एकदा फिरवून घ्या. तुमच्या चेनच्या बाजूने निसटलेला खिळा त्याच्या पात्यात सापडला तर उरलेल्या फळ्या तो कारखान्याच्या दारातही उतरवू देणार नाही.